फिरव, थांब, उघड!

सप्टेंबर उजाडला की अमेरिका-कॅनडातून येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. उन्हाळाभर पोहण्याचे क्लास, डास आणि आजी-आजोबांची तिकिटं. मग एकदम ‘फॉल क्राफ्ट’, म्हणजे पानगळीच्या ऋतूतली हस्तकला. यंदा बऱ्याच जणींनी (आणि एका आजोबांनी) एकच विषय काढला आहे, स्पिन पेंटिंग. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. धुतलेल्या पालेभाजीतलं पाणी झटकायला तिकडे सॅलड स्पिनर नावाचं भांडं मिळतं. बाहेर वाडगा, आत जाळीची टोपली, वर झाकण आणि झाकणावर फिरवायची सोय. या टोपलीत भाजीऐवजी कागद ठेवायचा, त्यावर रंगाचे थेंब टाकायचे, झाकण लावून गरगर फिरवायचं. झाकण उघडलं की रंग मधून बाहेर धावलेले दिसतात. लाल-पिवळे रंग घेऊन त्याची पानं आणि भोपळे केले की झालं फॉल क्राफ्ट. माझी सगळी नोकरी नाशिकच्या बालवाडीत झाली. आता वर्षातले काही महिने लेकीकडे न्यू जर्सीत असते, त्यामुळे हे भांडं मी रंगांनीही भरलं आहे आणि मेथीनंही. अर्थात दोन भांडी वेगळी.

प्रश्न : मावशी, माझ्या तीन वर्षांच्या लेकीनं प्रीस्कूलमधून इतकं सुंदर केशरी पान करून आणलं! घरी तेच करायला बसलो तर प्रत्येक कागदावर चिखल. रंग चांगले होते, आठच्या आठ बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या होत्या. काय चुकतंय? (एक आई, नेपरव्हिल, इलिनॉय)

अगं, आठ बाटल्या हेच चुकतंय. लाल आणि हिरवा एकत्र फिरले की तपकिरी होणार, जांभळा आणि पिवळा फिरले तरी तेच. तीन वर्षांच्या मुलीला ‘हा नको, तो घे’ सांगत बसलीस तर तिची मजा जाते, आणि नाही सांगितलंस तर चिखल होतो. म्हणून निवड तू आधीच करून ठेव आणि मग तोंड बंद ठेव. पिवळा, नारिंगी, लाल. बस. हे तिन्ही कसेही मिसळले तरी वाईट दिसू शकत नाहीत. चौथा हवाच असेल तर किरमिजी. हिरवी आणि निळी बाटली कपाटात, तिच्या नजरेआड.

क्रमही सांगते. आधी पिवळा टाकून एकदा फिरव, मग त्यावर लाल. झाडातही साधारण असंच होतं. हिरवा रंग देणारं क्लोरोफिल शरदात मोडत जातं, आणि आतला पिवळा-नारिंगी, जो उन्हाळाभर पानात होताच पण हिरव्याखाली झाकलेला होता, तो दिसू लागतो. लाल मात्र बहुतेक झाडांत नव्यानं तयार होतो, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री थंडी, पण बर्फ धरण्याइतकी नाही, असे दिवस लागोपाठ आले की मेपल पेटतो. तिला शुगर मेपल आणि रेड मेपल दाखव, गिंको असेल तर तोही दाखव. गिंको नुसता पिवळा होतो, लालाच्या वाटेलाच जात नाही. ओकची पानं बघून ती म्हणेल, ‘हे तर माझ्यासारखं चिखल झालं.’ म्हणू दे, बरोबरच आहे तिचं.

आता प्रमाण. बाटलीतला धुता येणारा टेंपेरा रंग बहुधा दाट असतो, त्यात चमचाभर पाणी घाल. चमच्यावरून सलग धार पडली पाहिजे. फार दाट असेल तर थेंब जागेवरच बसतो आणि वाळल्यावर त्याला भेगा पडतात. फार पातळ असेल तर कागद भिजून फाटतो. एका कागदाला पाच-सहा थेंब पुरतात, तेही मध्याच्या जवळपास. दहा-पंधरा सेकंद फिरवायचं. कागद जाड घे, कार्डस्टॉक किंवा मेणाचा थर नसलेली कागदी प्लेट. गुळगुळीत थर असलेल्या प्लेटवरून रंग घसरतो आणि सगळा वाडग्यात जातो.

पानाचा आकार आधी कापू नकोस. गोल कागद फिरव, वाळू दे, मग मागच्या बाजूनं पान आखून काप. आधी कापलं तर मेपलच्या टोकांमधून रंग बाहेर उडतो आणि टोकं टोपलीत दुमडतात. आणि खरं सांगू? कापायचंच कशाला? तो गोल भोपळा आहे. वर हिरव्या कागदाचा देठ चिकटवला की काम झालं, आणि ते काम पूर्ण तिचं. त्या सुंदर केशरी पानाची कड कुणी कापली असेल, याचा मला अंदाज आहे. तीन वर्षांच्या हातानं मेपल कापला जात नाही.

प्रश्न : मी कारखान्यात फिटर होतो, आता निवृत्त. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलो आहे. नातू दोन वर्षांचा, सून-मुलगा दिवसभर कामात. तुमचं ते स्पिन पेंटिंग शेजारच्या मुलांकडे पाहिलं. भांडं विकत आणण्यापेक्षा जुन्या टेबलफॅनच्या मोटरवर फळी बसवून यंत्र करावं म्हणतो. रेग्युलेटर लावून वेग कमी करता येईल. आपलं मत? (एक आजोबा, मिसिसागा, कॅनडा)

आजोबा, तुम्ही ते उत्तम कराल यात मला शंका नाही. तरीही करू नका. टेबलफॅन मिनिटाला हजाराहून जास्त फेरे मारतो. त्या वेगात रंग कागदावर थांबत नाही, भिंतीवर जातो. शिवाय ओला रंग, वीज आणि दोन वर्षांची बोटं एका टेबलावर नकोत.

पण मुख्य कारण वेगळं आहे. मोटर लावली की बटण दाबणारे तुम्ही आणि बघणारा तो. दोन वर्षांच्या मुलाला चित्रात फारसा रस नसतो, त्याला फिरवण्यात असतो. तो सायकल उलटी करून चाक फिरवतो ना? नळ, बाटलीची झाकणं, पंख्याकडे टक लावून बघणं? इंग्लंडमधल्या बालशिक्षणात अशा एकाच कृतीच्या ध्यासाला ‘स्कीमा’ म्हणतात, आणि गोल फिरणं ही त्यातली एक ठळक. या वयात तो स्वतःच्या हातानं चाक सुरू करतो, थांबवतो, झाकण उघडून आत काय झालं ते बघतो. ही सगळी कारणं आणि परिणाम त्याच्या मुठीत आहेत. कागद हा त्याचा फक्त पुरावा.

मोटरच्या बाजूनंही बोलायचं तर १९९३ साली लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या एका रस्त्यावरच्या जत्रेत डेमियन हर्स्ट आणि अँगस फेअरहर्स्ट या दोघा चित्रकारांनी विदूषकाच्या वेषात स्पिन पेंटिंगचा स्टॉल लावला होता. एका पौंडाला एक चित्र. हर्स्टनं पुढे यंत्रावर प्रचंड गोल कॅनव्हास फिरवून नाव आणि पैसा दोन्ही कमावलं. तुमच्या नातवाला अजून दोन्हीची घाई नाही.

भांडं थ्रिफ्ट स्टोअरमध्ये बघा, वापरलेलं स्वस्तात मिळतं. घेताना झाकण नीट बघा. दोरी ओढायचं, हँडल गोल फिरवायचं आणि वरचा गोळा दाबायचं, असे तीन प्रकार असतात. दोन वर्षांच्या मुलासाठी दाबायचंच घ्या. तळहातानं दाबलं की फिरतं, दुसऱ्या हातानं भांडं धरावं लागत नाही. हँडल फिरवायला एक हात धरायला आणि एक फिरवायला लागतो, ते साडेतीन-चार वर्षांपर्यंत जड जातं. ब्रेकचं बटण असेल तर सोन्याहून पिवळं. माझ्या नातीनं पहिल्या दिवशी चित्र काढलंच नाही, नुसती फिरवत आणि ब्रेक मारत बसली होती. एकदा त्यात रंग गेला की ते भांडं भाजीला परत नाही, सुनेला आधीच सांगून ठेवा.

हात शिवशिवत असतील तर एक करा. हार्डवेअरच्या दुकानात फिरत्या ट्रेखाली लावायचं चपटं बेअरिंग मिळतं. त्यावर लाकडी चकती बसवा आणि ती उंच भिंतींच्या खोक्यात ठेवा. हातानं ढकलून फिरवायची. वेग कमी मिळेल म्हणून रंग थोडा पातळ. यावर बशीएवढे छोटे पांढरे भोपळेसुद्धा ठेवता येतील: मधोमध चिकटवा, वरून रंग सोडा, हळू फिरवा. कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येतं, त्यामुळे भोपळे तुमच्याकडे लवकर बाजारात दिसतील.

प्रश्न : मोठा चार वर्षांचा, त्याला हे करायचंय. धाकटी चौदा महिन्यांची, ती सगळं तोंडात घालते. रंगांवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय, मग चालेल ना? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

नॉन-टॉक्सिकचा अर्थ ‘खायला हरकत नाही’ असा नाही. अमेरिकेत मुलांच्या रंगांवर गोल ‘एपी’ (अप्रूव्ह्ड प्रॉडक्ट) शिक्का असतो, तो बघूनच घे. पण तो बोट चुकून चाटण्यापुरता धीर आहे, चमचाभर प्यायला नाही.

धाकटी जागी असताना स्वयंपाकघरातले रंग वापर. हळद पाण्यात कालवून तो पिवळा कागदभर फिरवून घे. मग दुसऱ्या वाटीत पाण्यात खायचा सोडा विरघळव आणि त्याचे थेंब हळदीवर टाकून पुन्हा फिरव. सोडा जाईल तिथे पिवळ्याचा तांबडा-विटकरी होतो, अगदी ऑक्टोबरच्या पानासारखा. चार वर्षांचा मुलगा हे बघून वेडा होईल, कारण त्यानं लाल रंग टाकलाच नव्हता! हळद अल्कलीनं लाल होते. कुंकू करताना हळदीला चुन्याचं पाणी देतात ते याचसाठी. घरी चुना मात्र आणू नकोस, तो डोळ्यांना आणि कातडीला घातक. सोड्याची वाटी तुझ्या हाताशी ठेव, धाकटीच्या नको. तिला कोरडा, रिकामा स्पिनर फिरवायला दे, त्यात दोन मोठे लाकडी ठोकळे टाक. बिया, एकॉर्न (ओकची फळं), मणी अजिबात नकोत, घशात अडकतात.

हळदीचं चित्र खिडकीत लावलं तर उन्हानं फिकं पडेल हे त्याला आधीच सांग, नाहीतर रडारड.

प्रश्न : आमच्या रविवारच्या मराठी शाळेत चौदा मुलं, वय चार ते सहा. स्पिनर एकच. चाळीस मिनिटांत कसं बसवावं? आणि यातून मराठी कसं यावं? (एक शिक्षिका, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

रंगांच्या बाटल्या नेऊच नका. चौदा ओले कागद वाळवायला तुमच्याकडे जागा नसणार आणि मुलं ते गाडीत मांडीवर घेऊन जाणार. कॉफी फिल्टर घ्या, टोपलीच्या आकाराचे, झालरवाले. मुलं आपापल्या जागी बसून धुता येणाऱ्या मार्करनं त्यावर लाल-पिवळे ठिपके काढतील, हे काम सगळ्यांचं एकाच वेळी चालतं. मग एकेकानं यायचं, फिल्टर टोपलीत ठेवायचा, ड्रॉपरनं पाण्याचे काही थेंब टाकायचे आणि फिरवायचं. शाई पसरते, जास्तीचं पाणी बाहेर जातं, फिल्टर बराचसा वाळूनच निघतो. एका मुलाला मिनिटभर.

मराठी त्या मिनिटातच येते. स्पिनर फिरवणाऱ्याला हुकूम द्यायचा रांगेतल्या मुलांनी: ठेव, झाकण लाव, दाब, जोरात, हळू, थांब, उघड! हुकूम मराठीत आला तरच स्पिनर हलणार. रंगांच्या नावांची तक्ती लावून पाठ करून घेण्यात मला काडीचा रस नाही. पण ‘थांब’ म्हटल्यावर खरंच कुणीतरी थांबतं, हा अधिकार मुलांना फार आवडतो.

हे फिल्टर फेकू नका. शरदाचे रंग आणि दिवाळी तुमच्याकडे एकाच सुमाराला असतात, आणि फिल्टर पातळ असल्यानं त्यातून उजेड छान येतो. आकाशकंदिलाच्या सांगाड्यावर आठ-दहा फिल्टर चिकटवा, आत बॅटरीचा दिवा. मेणबत्ती नको.

सहा वर्षांच्यांना वेगळं हवं असेल तर खऱ्या पानाचा ठसा. फ्रीमाँटला व्हरमाँटसारखी पानगळ नाही, पण रस्त्याकडेला लिक्विडअंबरची झाडं बघा, पाच टोकांचं चांदणीसारखं पान. जाड पुस्तकात रात्रभर दाबून सपाट करा, कागदावर चिकटमातीच्या चिमटीनं बसवा, वरून रंग टाकून फिरवा. पान उचललं की खाली कोरं पान उरतं आणि भोवती सगळे रंग धावलेले. पानावरच रंग द्यायचा असेल तर त्याची मागची बाजू वर ठेवा. वरची बाजू बहुधा मेणचट असते, रंग धरत नाही.

प्रश्न : ताई, आमच्या मुलाच्या नर्सरीत ऑक्टोबरमध्ये ‘फॉल वीक’ आहे. लाल मेपलची पानं आणि स्पिन पेंटिंग करून पाठवा असं आलंय. पुण्यात मेपल कुठे मिळेल? ऑनलाइन प्लॅस्टिकची मिळतात. (एक आई, पुणे)

प्लॅस्टिकचा मेपल! अहो, ऑक्टोबरमध्ये तुमच्या खिडकीबाहेर काय आहे? ऑक्टोबर हीट, आणि पावसानं माजलेला हिरवा रंग. चार वर्षांच्या मुलाला ‘या महिन्यात पानं लाल होऊन गळतात’ असं शिकवायचं आणि बाहेर एकही पान लाल नाही. त्यानं डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की शाळेवर? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपल्यांतून मुलांना शिकवत होत्या. आजूबाजूला जे आहे तेच साधन. एवढं जुनं शहाणपण आपल्याच ठाणे-पालघरकडे पडलेलं असताना मेपल कशाला मागवायचा?

शाळेशी भांडू नका, बदल सुचवा. ऑक्टोबरच्या आगेमागे दसरा येतो. जाड कागदाचा गोल पिवळ्या आणि सोनेरी पोस्टर कलरनं फिरवा, वाळल्यावर आपट्याच्या जोडपानासारखा कापा. हा आकार सोपा, गोलाला घडी घालून टोकाशी एक खाच दिली की झालं. झाडं ओरबाडण्यापेक्षा वर्गभर हेच सोनं वाटलेलं बरं. स्पिनर विकत घेऊ नका. केकवर आयसिंग करायचं फिरतं स्टँड कुणाकडे तरी असतं. ते खोक्यात ठेवा, कागद दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपनं बसवा, हातानं फिरवा.

लाल पानं हवीच असतील तर थांबा. देशी बदामाची पानं थंडीत लाल होतात आणि गळतात, सोसायटीच्या आवारात सापडतील. आपली खरी पानगळ शिशिरातली. मार्चच्या सुमारास सह्याद्रीत कुसुंबाची पालवी इतकी लाल असते की लांबून फुलंच वाटतात, आणि पिंपळाची तांबूस. तिकडे गळताना लाल, इकडे कुसुंब फुटताना लाल. मुलाला हे दाखवा आणि लाल-नारिंगी बाटल्या मार्चसाठी ठेवा.

प्रश्न : मुलाला ओल्या रंगाचा स्पर्शच सहन होत नाही. रडतो. जबरदस्ती करू का? (एक बाबा)

नाही. जाड पुठ्ठ्याची चकती कापा, अर्धी लाल अर्धी पिवळी खडूनं रंगवा, मधे दोन भोकं पाडून दोरा ओवा आणि भिंगरी करा. फिरली की नारिंगी दिसते. कोरड्या हातानं तेच काम झालं. रंग त्याला हवा तेव्हा हात लावेल.

प्रश्न : रंग बाहेरच का पळतो, आत का नाही? पाच वर्षांची मुलगी रोज विचारते. (एक आई, लंडन)

तिच्याशी फुगडी घाल. वेग वाढला की हात ताणले जातात, बाहेर ओढल्यासारखं वाटतं. धरून ठेवणारे हात नसते तर ती सरळ निघून गेली असती. रंगाच्या थेंबाला कागदाची पकड असते, पण ती फार कमकुवत, म्हणून तो निसटत निसटत कडेला जातो. मग तिला एक थेंब अगदी बरोब्बर मधोमध टाकायला सांग आणि दुसरा कडेला. मधला जवळपास जागेवरच राहतो. का, ते तू सांगू नकोस, तिलाच फुगडीत मधे कोण असतं ते विचार.

प्रश्न : डाग! (सहा जणी)

धुता येणारा टेंपेरा थंड पाण्यात लगेच चोळून काढा, गरम पाणी नंतर. लाल रंग सगळ्यात चिवट, म्हणून त्या दिवशी बाबांचा जुना टीशर्ट उलटा घालायचा. वाडग्यात उरलेल्या रंगावर आधी एक कागद दाबून उचला, फुकटात एक छाप मिळते, मग भांडं धुवा. हळदीचा डाग साबणानं लाल होईल, घाबरू नका, पाण्यानं परत पिवळा होतो. तो कपडा धुऊन उन्हात टाका, ऊन हळद उतरवतं. डाग दिसतोय तोवर ड्रायरमध्ये घालू नका.